टॉवेलवाले तात्या

तात्यांचं कपाट म्हणजे माजघराच्या दारामागची एक खुंटी. तिच्यावर टॉवेल लटकत असला की तात्या घरात आहेत असं समजायचं. नसला तर ते पौडला असतील, पिरंगुटला असतील, नाहीतर पार कोळवणच्या खोऱ्यात कुणाच्या तरी ओसरीवर चहा पीत बसले असतील. काकींना विचारून उपयोग नाही. त्या खुंटीकडं बघतात आणि म्हणतात, "टॉवेल गेलाय. त्याच्यासंगं ह्ये पण गेल्यात."

मुळशी तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, असे एक तात्या भेटतातच. कुठं त्यांना आबा म्हणतात, कुठं अण्णा. म्हणून मी गावाचं नाव सांगत नाही. बाकीची गावं रुसायची. वय साठीच्या अल्याड-पल्याड. जमीन थोडी विकलेली, थोडी राखलेली. पोरं मार्गाला लागलेली आणि सगळा दिवस लोकांच्या सुखदुःखाला मोकळा. अंगात पांढरा सदरा, पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी. एवढा गणवेश तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा सारखाच. तात्यांना ओळखायचं ते खांद्यावरच्या टॉवेलवरून, आणि ते आत्ता कुठून येतायत नि कुठं निघालेत हे ओळखायचं त्या टॉवेलच्या घडीवरून.

टॉवेल म्हटल्यावर अंघोळीचा जाडजूड टॉवेल डोळ्यांसमोर आणू नका. तो सोलापूरचा. चादरीच्या बरोबरीनं त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याची थोरवी तात्यांना मान्य आहे, पण "त्यो अंग पुसायला. खांद्यावर टाकला की माणूस न्हाणीतनं पळून आल्यागत दिसतो." तात्यांचा टॉवेल पातळ सुती, पांढराशुभ्र, दोन्ही टोकांना बोटभर रंगीत किनार, लांबीला तीन-सव्वातीन हात. तो काय भावानं मिळतो हे तात्यांना ठाऊक नाही, कारण टॉवेल ही विकत आणायची वस्तूच नाही. ती आहेरात येते.

आमच्याकडं लग्नात मानाच्या माणसाला टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. नारळ चार दिवसांत फुटतो, टोपी कुणाच्या ना कुणाच्या डोक्याला बसते आणि टॉवेल ट्रंकेत जातो. लगीनसराई संपता संपता ट्रंकेचं झाकण बसेनासं होतं. मग पुढच्या सराईला तेच टॉवेल दुसऱ्यांच्या मांडवात रवाना होतात. यात एकच नियम पाळायचा असतो. ज्या घरातून आला त्याच घरात परत जाता कामा नये. त्यासाठी काकी प्रत्येक टॉवेलच्या घडीत चिठ्ठी ठेवतात. "रिहे, थोरल्या मेव्हण्याचं सासर." "मुठा, बारसं." "घोटावडे, वास्तुशांत, टोपी ल्हान हुती." तालुक्याचा सामाजिक इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्यानं आधी ही ट्रंक बघावी. एकदा एक टॉवेल असाच बाहेर गेला आणि दोन लगीनसराया फिरून तात्यांच्याच हातात परत आला. आतल्या घडीला हळदीचा डाग होता, त्यावरून काकींनी ओळखला. मला वाटलं होतं तात्या चिडतील. ते उलट खूश. म्हणाले, "बघ, एकानंबी वापरला नाय. म्हंजी आपल्या तालुक्यात कुणाला काय कमी नाय."

एवढे टॉवेल घरात, पण अंगावर वापरायचा एका वेळी एकच. तो विरला की ट्रंकेतून दुसरा. पण विरायच्या आधी त्याला जे जे करावं लागतं ते बघितलं की कपड्यांनी भरलेल्या कपाटांची कीव येते. तात्या कपडा बदलत नाहीत, घडी बदलतात.

माघातला एक दिवस मी त्यांच्याबरोबर फिरलो. सकाळी आठला नदीच्या घाटावर दशक्रिया, दुपारी साडेबाराला भूकूमच्या लॉनवर लग्न. शहरातल्या माणसानं मधे घरी जाऊन अंघोळ करून कपडे बदलले असते. तात्यांनी निघताना खुंटीवरचा टॉवेल घेतला, बाकी काही नाही.

घाटावर टॉवेल पूर्ण उलगडलेला, दोन्ही खांद्यांवरून पुढं घेतलेला. त्यातही किनार आत दुमडलेली. दुखवट्याच्या जागी रंग दिसता कामा नये. उजवं टोक हातात. प्रवचन चालू होतं तोवर ते टोक गुडघ्यावर. मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आमच्याकडं दशक्रियेला जेवढे पुढारी बोलतात तेवढे कधी कधी प्रचारसभेला बोलत नाहीत. गेलेल्या माणसाचा आणि आपला संबंध सांगता सांगता काहीजण रस्त्याच्या मंजूर निधीपर्यंत पोचतात. तात्या शांत. पण गावातल्या शाळेचे निवृत्त मास्तर उठले, दोनच वाक्यं बोलले आणि थांबले, तेव्हा टॉवेलचं टोक डोळ्यांना लागलं. खोटं नव्हतं ते. कुणाच्या बोलण्याला टोक उचलायचं आणि कुणाच्या बोलण्याला नाही, एवढी पारख मात्र होती. नंतर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तात्या पुढं झाले, टॉवेल सावरून हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "धाकटीच्या लग्नाचं आमी बघतो. काळजी करू नगंस." कावळा शिवला. टोक हातातून सुटलं.

मोटारसायकलवर मागं बसल्यावर त्याच टॉवेलचं मुंडासं झालं. टोपी काढून खिशात, टॉवेल डोक्याला, एक फेर नाकातोंडावरून. पौड रस्त्यावरची धूळ आणि डंपर ज्यांनी बघितलेत त्यांना कारण सांगायला नको. बोलणं बंद, कारण तोंडावर टॉवेल. तेवढाच वेळ तात्या दिवसभरात गप्प असतात.

लॉनच्या कमानीपाशी उतरले आणि मग खरी कारागिरी बघायला मिळाली. आधी टॉवेल दोन्ही हातांनी धरून एकदाच जोरात झटकला. धूळ, दशक्रिया, दोन्ही गेली. मग हनुवटीखाली मधोमध धरून उभी घडी. तिची आणखी एक उभी घडी. पालथ्या हातानं दाबून कडा सरळ. किनार आता बाहेरच्या अंगाला, ठसठशीत. डाव्या खांद्यावर टाकून पुढचं टोक सदऱ्याच्या खिशाच्या वरच्या शिवणीला टेकवलं. "खाली आलं तर भजनातला वाटतो," तात्या म्हणाले, "आन् वर गेलं तर वाढप्या."

ही भीती अनुभवातून आलेली. लॉनच्या जेवणात वाढणाऱ्या पोरांच्याही खांद्यावर टॉवेल असतो. एकदा नगरकडच्या एका पाहुण्यानं बसल्या जागेवरून तात्यांना पाणी मागितलं. दुसरा कुणी असता तर त्याचा अपमान झाला असता. तात्यांनी जग आणला, पेला भरला आणि विचारलं, "कुठलं म्हनायचं पाव्हणं?" जिलेबी संपेपर्यंत पाहुण्यांचं गाव, कूळ, मामाकूळ आणि घरात लग्नाचा एक मुलगा आहे ही सगळी माहिती बाहेर आली. पुढच्या वर्षी ती सोयरीक झाली आणि तात्यांच्या ट्रंकेत आणखी एका टॉवेलची भर पडली.

भूगाव-भूकूमच्या पट्ट्यात लॉन आणि कार्यालयं इतकी आहेत की चांगल्या तिथीला रस्ताभर एकाच मुहूर्ताचे बँड वाजत असतात. तात्या एका तिथीला तीन-चार लग्नं सहज काढतात. माइकवाला त्यांना तोंडावरून ओळखत नसेल, लांबून टॉवेल ओळखतो. लगेच घोषणा: "आदरणीय तात्यासाहेब यांचं मंडपात आगमन झालेलं आहे, वधू-वरांच्या वतीनं त्यांचं हार्दिक स्वागत!" तात्या टॉवेलला हात लावून नमस्कार करतात. त्यानंतर शुभाशीर्वादाची भाषणं, मग आणखी भाषणं, आणि साडेबाराच्या मुहूर्ताची मंगलाष्टकं दीडला. तोवर तात्या अक्षता मुठीत धरून तिसऱ्या लग्नाच्या वाटेवर.

हे सगळं ऐकून तात्या ऐतखाऊ आहेत असं कुणाला वाटेल. तसं नाही. आवणीच्या दिवसांत या. खाचरात गुडघाभर चिखल, वरून पाऊस. पूर्वी पळसाच्या पानांचं इरलं असायचं, घोंगडीची खोळ असायची, आता पाठीवर प्लॅस्टिकचा कागद. पण कागदाखाली डोक्याला टॉवेलच. रोपांचे भारे डोक्यावरून खाचरात न्यायचे झाले की तोच टॉवेल पिळून गोल फिरवला की चुंबळ. बांधावर भाकरी खायला बसलं की तोच पुढ्यात. घरी परतताना वाटेत खेकडे मिळाले तर तेही त्याच्यातच बांधून. पुढच्या लगीनसराईत तो पुन्हा लग्नाच्या घडीत खांद्यावर दिसतो, आणि आपण "वा, काय पांढरा!" म्हणतो.

तो पांढरा कसा होतो हे तात्यांना विचारू नये. काकींना विचारावं, आणि वेळ काढून विचारावं. सोड्याच्या पाण्यात उकळणं, दगडावर घासणं, नीळ देणं, आणि शेवटी भाताच्या पेजेची खळ. पेजही साधी नाही, घरच्या आंबेमोहोराची. ज्या तांदळाला भौगोलिक मानांकन आहे, जो पुण्यातले लोक सणासुदीला किलोकिलोनं नेतात, त्याची पेज या टॉवेलला लागते, तेव्हा ती घडी खांद्यावर दिवसभर मोडत नाही. जवळ बसलं की टॉवेलला मंद वास येतो. तात्यांना वाटतं तो त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा आहे.

पावसाळ्यात हा सगळा कारखाना बसतो. आमच्याकडचा पाऊस पुण्यातल्या पावसाचा थोरला भाऊ नव्हे, आजोबा आहे. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत एकट्या ताम्हिणी घाटात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढ्या पावसात टॉवेल वाळणार कसा? काकी चुलीच्या वर दोरी बांधून त्याच्यावर टाकतात. वाळतो, पण धुराचा पिवळा रंग आणि वास घेऊन. श्रावणातल्या सप्ताहात विण्याजवळ उभे असलेले तात्या वासावरून ओळखू येतात. काकींची तक्रार अशी की गावोगाव कौतुक ह्यांच्या घडीचं होतं, आणि ती घडी बसावी म्हणून कंबर कुणाची मोडते हे माइकवर कुणी सांगत नाही. माझं मत विचाराल तर काकींचं शंभर टक्के बरोबर आहे. मुळशीतच काय, जगात कुठंही नीटनेटक्या दिसणाऱ्या माणसाच्या मागं एक धुणारं माणूस असतं. तात्यांनी यावर एकदाच उत्तर दिलं होतं: "मी तिला कधी म्हनलंय का धुव म्हनून?" त्या दिवशी टॉवेल खुंटीवर आणि तात्या ओसरीवर, दोघंही बिनधुतलेले होते.

सप्ताहावरून आठवलं. भजनात टॉवेल कमरेला. गाठ डाव्या कुशीला, टाळ हातात. पावली खेळताना सदरा उडत नाही आणि पाठीला आधार मिळतो. काल्याच्या दिवशी कमरेची गाठ सुटते आणि टॉवेलची झोळी होते. लाह्या जमिनीवर सांडू द्यायच्या नसतात. जत्रेच्या आखाड्यात मात्र टॉवेल मानेवरून, दोन्ही टोकं छातीवर मोकळी. असं केलं की माणूस निवृत्त पैलवान दिसतो, जन्मात कधी लंगोट लावलेला असो वा नसो. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा आमच्या भूगावात झाली, अभिजित कटकेनं किरण भगतला हरवून गदा घेतली, तेव्हा तात्या याच घडीत पुढच्या बाजूला बसले होते. शेजारच्या कोल्हापूरकरानं आदरानं विचारलं, "कुठल्या तालमीचं?" तात्यांनी मातीकडं बघत सुस्कारा सोडला. म्हणाले, "आता कुठं ऱ्हायलं पहिलं." यात खोटं एक अक्षर नाही. कोल्हापूरकरानं त्यांना थंडाई पाजली.

बसचा विषय थोडक्यात. बसची खिडकी उघडी असायची त्या काळात जागा धरायला टॉवेल आत टाकायचा. तात्या कधी कधी एक टोक एका बाकावर आणि दुसरं टोक दुसऱ्या बाकावर पडेल असा फेकत. आता वातानुकूलित बस आल्या, काचा बंद झाल्या, एक कला गेली.

पण तात्यांची खरी परीक्षा जमिनीच्या व्यवहारात झाली. त्यांचे वडील चाकणच्या बाजारात बैल घ्यायचे ते टॉवेलखाली. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात देतात, वरून कापड पडतं, आत बोटं दाबून भाव बोलला जातो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्यांना दिसतात फक्त दोन कोरे चेहरे. तात्या हे लहानपणापासून बघत आलेले. पुढं मुळशीत बैल कमी झाले आणि गुंठ्यांचा बाजार भरला. हिंजवडी आमच्याच तालुक्यातली. तिथं कंपन्या आल्या, इकडं दासव्याला डोंगरात लवासा उभं राहिलं, आणि ज्या खाचराकडं सोयरेसुद्धा बघत नव्हते त्याच्याकडं गाड्या येऊन थांबायला लागल्या. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटानं त्याची काळी बाजू महाराष्ट्राला दाखवली. मी सांगतोय ती त्याच्या शेजारची, पिरंगुटच्या एका हॉटेलातली.

समोर एक गुंठामंत्री. गळ्यात साखळी, मनगटात कडं, दोन्ही हातांच्या बोटांत अंगठ्या. त्यानं मोबाइलवर आकडा लिहून तात्यांच्या पुढं सरकवला. तात्यांनी मोबाइल बाजूला सारला. "असं उघड्यावर नाय. हात दे." त्याचा हात हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला. हॉटेलातली मिसळ खाणारी माणसं खायची थांबली. आत काहीतरी दाबादाबी चालली होती. गुंठामंत्र्याला ती भाषा येत नव्हती. तो बिचारा शेकहँड करत होता. तात्यांना बोटं मोजता येईनात, कारण बोट कुठं संपतं आणि अंगठी कुठं सुरू होते ते कापडाखाली कळत नव्हतं. पाचदा चाचपून झाल्यावर त्यांनी टॉवेल उचलला आणि खांद्यावर टाकला. "नाय जमत," ते म्हणाले. "बोटं लै हायेत." व्यवहार मोडला. दोनेक वर्षांत त्याच जमिनीला दुपटीचा भाव आला आणि तात्या तालुक्यात मुरब्बी म्हणून प्रसिद्ध झाले. आता लोक त्यांना व्यवहाराला मुद्दाम नेतात. ते बसतात, टॉवेल मांडीवर पसरतात, काही बोलत नाहीत. समोरचा आपोआप भाव वाढवतो.

निवडणुकीच्या हंगामात रंगीत उपरण्यांची लाट येते. तात्या कुणालाही नाही म्हणत नाहीत. भगवं आलं, घातलं. हिरवं आलं, घातलं. निळं, तिरंगी, सगळी घातली. मात्र खाली आपला पांढरा टॉवेल तसाच. सभा संपली की वरचं उतरतं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या वेगवेगळ्या पक्षप्रवेशांचे फोटो त्याच्याच कार्यालयात भिंतीवर ओळीनं लावलेले आहेत. प्रत्येक फोटोत पुढाऱ्याच्या गळ्यातला रंग वेगळा, आणि मागच्या रांगेत, उजवीकडून दुसरे, तात्या, त्याच टॉवेलसह. जमा झालेल्या उपरण्यांचं काकी काय करतात ते त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्यावर कळतं. लोणच्याच्या बरणीला एक पक्ष, मिक्सरला दुसरा, आणि गॅसच्या टाकीवर युती.

मुळशीत ज्याला विचाराल त्याचे आजोबा सत्याग्रहात होते. तात्यांचेही होते. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांनी तो पुढं नेटानं चालवला. धरण झालंच. खाचरं आणि गावं पाण्याखाली गेली, आणि ते पाणी भिऱ्याला उतरून त्याची वीज मुंबईला गेली. त्याच १९२१ च्या सप्टेंबरात गांधीजींनी मदुराईत बाकीचे कपडे सोडून पंचा स्वीकारला आणि १९३१ साली त्याच वेषात लंडनच्या राजवाड्यात पंचम जॉर्जला भेटून आले. हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते सरसावून बसले. एका कचेरीत शिपायानं त्यांना "साहेबांसमोर जाताना टॉवेल काढा" असं सांगितल्याचा सल ताजा होता. "राजाला पंचा चालला," ते म्हणाले, "आन् ह्येंना माझा टॉवेल खुपतो?" मग थोडा विचार करून विचारलं, "पर मला सांग, गांधीबाबाचा पंचा धूत कोण हुतं?" हा प्रश्न काकींच्या बाजूनं होता, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

बाहेरच्या जगात थोडक्या कपड्यांत भागवण्यावर शास्त्र झालेलं आहे. १९८५ साली न्यूयॉर्कची फॅशन डिझायनर डोना करन हिनं मोजक्या सात कपड्यांत नोकरदार बाईचं ऑफिसपासून पार्टीपर्यंत सगळं भागावं असा संग्रह काढला आणि तो फार गाजला. मी तात्यांना सांगितलं. त्यांनी दारामागं नजर टाकली. "सात? ठेवती कुठं?"

तर आता तात्यांच्या धाकट्या भावाच्या मुलाचं लग्न. मुलगा हिंजवडीत कंपनीत, मुलगी तिथलीच. पत्रिका मोबाइलवर आली आणि तिच्यात प्रत्येक कार्यक्रमाला रंग ठरवून दिलेला. हळदीला पिवळा, संगीतला काळा, लग्नाला पेस्टल. तात्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"पेस्टल म्हंजी काय गं?" त्यांनी पुतणीला विचारलं.

"फिकट रंग, तात्या. लई वेळा धुतल्यागत वाटतात बघा, तसे."

"मंग आपल्या घरात सगळंच पेस्टल हाये."

हळदीचा प्रश्न आपोआप सुटला. नवरदेवाला हळद लावून सगळ्यांनी हात तात्यांच्या टॉवेलला पुसले आणि तो ठरलेल्या रंगाचा झाला. संगीतच्या रात्री तात्यांनी टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि आचाऱ्यांकडं जाऊन बसले. आमच्या घरांत ही घडी सगळ्यांना ठाऊक आहे. टॉवेल डोक्याला गेला की तात्या कामात आहेत, त्यांना हाक मारायची नाही. काम खरं असतंच असं नाही.

राहिलं लग्न. पहाटे काकी हळदीचा टॉवेल धुवायला बसल्या तर लाइट गेलेली. पिवळा डाग निघेना म्हणून नीळ थोडी जास्त घालायची ठरली आणि थेंब मोजायला नातवाला बसवलं. नातू दुसरीत. त्याला नुकतेच वीसपर्यंत पाढे यायला लागलेले, त्याचा उत्साह दांडगा. उजाडल्यावर टॉवेल दोरीवर दिसला तो आभाळाच्या रंगाचा. काकींनी कपाळाला हात लावला. दुसरा काढायला ट्रंक उघडावी तर चावी लॉनवर गेलेल्या सुनेकडं. तात्यांनी तोच टॉवेल घेतला, झटकला, हनुवटीखाली धरून घडी घातली आणि निघाले.

लॉनवर कानात तार घातलेली एक मुलगी सगळी व्यवस्था बघत होती. कुठल्या फोटोत कोण उभं राहणार हेही तीच ठरवत होती. पांढरे सदरे, पांढरे लेंगे घातलेल्या आमच्या सगळ्या वडीलधाऱ्यांना तिनं फोटोच्या मागच्या रांगेत लोटलं होतं. तात्या आले आणि ती थबकली.

"अंकल! हा स्टोल! एक्झॅक्ट पेस्टल ब्लू! कुठून घेतला?"

"आंबवण्याच्या लग्नातनं," तात्या म्हणाले.

तिनं त्यांना नवरदेवाच्या शेजारी उभं केलं. घडी कशी घातली ते विचारलं, मोबाइलवर तिचं चित्रण केलं. नवरदेवाचे कंपनीतले मित्र गोळा झाले. त्यांनाही तसलाच पाहिजे, आत्ता, वरातीच्या आधी. दहा मिळतील का?

"धा? शंभर देतो," तात्या म्हणाले, आणि मागं वळले. "अगं ऐकलं का? ट्रंक मागवून घ्या. धा टॉवेल काढा, आन् नीळ द्या बरोब्बर आशीच."

काकी पैठणीत होत्या. घरचं कार्य, आयुष्यात पहिल्यांदा दुपारपर्यंत पाण्यात हात घातलेला नव्हता. त्यांनी तात्यांकडं एकदा पायापासून टोपीपर्यंत बघितलं.

"नीळ न्हाणीतल्या फळीवर हाये," त्या म्हणाल्या. "बादली तिथंच हाये. नातवाला संगं न्या, थेंब त्यो मोजतो."

मित्र वाट बघत उभे. ती कानात तार घातलेली मुलगीही बघत उभी. तात्यांनी टॉवेल खांद्यावरून काढला, उलगडला, डोक्याला घट्ट गुंडाळला आणि "भात बघून येतो, करपला वाटतं," म्हणत आचाऱ्यांच्या मांडवाकडं चालू लागले.